कमलिनीचा सुकाणी

हसनचाचांसमोर गप्पा मारायची सोय नव्हती. पावसाळ्यात कॅन्टीनमध्ये कुणीतरी सकाळी बातमी घेऊन यायचं, "काय पूर आलाय गोदावरीला! दुतोंड्या मारुती पार बुडाला." आणि कोपऱ्यातल्या बाकावरून शांत आवाज यायचा, "पाहिला?"

"म्हणजे... सगळे सांगताहेत."

"तुम्ही पाहिला?"

"नाही, पण..."

"मग बुडाला म्हणू नका. बुडाला असं म्हणतात, म्हणा."

सांगणाऱ्याचा चेहरा उतरायचा. आम्ही नाशिककर पूर मोजतो तो त्या मारुतीच्या अंगावरून, गुडघा, कंबर, छाती असा, आणि त्यात एखादी वीत वाढवून सांगणं हा आमचा जन्मसिद्ध हक्क. चाचांना तो मान्य नव्हता. पाळी संपल्यावर ते सायकल मारत स्वतः रामकुंडावर जायचे आणि दुसऱ्या दिवशी सांगायचे, "कमरेच्या वर चार बोटं." तोवर विषय बदललेला असायचा. ऐकायला कुणी नसायचं. ते तरी सांगायचे.

सातपूरच्या एका पुठ्ठ्याच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत होते आणि चाचा बॉयलरवर. बॉयलरला जाणारं पाणी रोज तपासायचं हे माझं काम, त्यामुळे सकाळी पहिली गाठ त्यांचीच पडायची. मी नवी असताना एकदा कंटाळा करून कालचाच आकडा आजच्या रकान्यात लिहिला. चाचांनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाय, हे पाणी तू आज बघितलंस?" ते कोकणातले, त्यामुळे मुलीच्या वयाच्या सगळ्यांना ते बाय म्हणायचे. मी तो आकडा खोडला. ते म्हणाले, "लोखंड आहे. खोटं सांगितलं तर फुटतं." मी पुढची बावीस वर्षं एकही आकडा न तपासता लिहिला नाही.

बुटके होते. बॉयलर हाऊसच्या सपाट फरशीवरही दोन पायांत भरपूर अंतर ठेवून उभे राहायचे. बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून लांब कुठेतरी पाहायचे, त्यामुळे नव्या माणसाला ते शिष्ट वाटायचे. कारखान्यात त्यांना चिडवायला 'कप्तान' म्हणायचे. दर वेळी ते दुरुस्ती करायचे, "कप्तान नाय, सुकाणी. कप्तान सांगतो, सुकाणी वळवतो." तरुणपणी ते मुंबईहून कोकणात जाणाऱ्या उतारूंच्या आगबोटीवर होते. नोकरीच्या अर्जात मॅनेजरने 'बोट' हा शब्द वाचला, बोट म्हणजे वाफ आणि वाफ म्हणजे बॉयलर असं ठरवलं आणि त्यांना भट्टीपाशी उभं केलं. "साहेब, मी वरती सुकाणू धरायचो, खाली कधी उतरलोच नाय," असं चाचांनी तेव्हाच सांगितलं होतं. साहेबाला माणूस हवा होता. मग चाचांनी परीक्षा दिली, पास झाले आणि तीस वर्षं त्या भट्टीपाशी काढली. समुद्र सोडून नाशिकला का आलात, असं विचारलं की म्हणायचे, "इथे नाय म्हणून."

असा हा काटेकोर माणूस एक काम मात्र करायचा नाही. आमचा भोंगा वाफेवर चालायचा. पाळी सुरू होताना बॉयलरवाल्याने साखळी ओढायची आणि भोंगा वाजायचा. चाचा ती साखळी कधी ओढत नसत. त्यांचा मदतनीस पवार ओढायचा. वर्षानुवर्षं हे असं चाललं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग एक दिवस पवार आला नाही, भोंगा वाजला नाही आणि नवे मॅनेजर तरातरा बॉयलर हाऊसमध्ये आले. मी तिथेच बाटलीत पाणी घेत होते.

"भोंगा का नाही वाजला?"

"पवार आला नाय साहेब."

"तुमच्या हाताला काय झालंय?"

"हात चांगला आहे. ओढणार नाय."

साहेबांना हे नवीन होतं. त्यांनी मेमो दिला. चाचांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, "यात लिहिलंय सात वाजून पाच मिनिटांनी विचारणा केली. तुम्ही आलात सात वाजून दोन मिनिटांनी. तेवढं बदला, मी सही करतो." साहेब लालबुंद झाले. पण वेळ बदलली, सही झाली आणि महिन्याभरात विजेचा भोंगा आला. कारखान्यात सगळे हसले. मीही हसले. म्हाताऱ्याचा हट्ट, एवढंच मला वाटलं होतं.

कारण कळलं ते पुढे दोन वर्षांनी, बॉयलरच्या वार्षिक तपासणीच्या दिवशी. त्या दिवशी भट्टी विझवलेली असते, झडपा उघड्या असतात आणि इन्स्पेक्टर येईपर्यंत सगळे नुसते बसून असतात. इतकी शांतता त्या जागी एरवी नसते. मी सहज विचारलं, "चाचा, त्या साखळीचं काय होतं हो?" त्यांनी हातातलं फडकं झडपेवर ठेवलं. मग सांगितलं. एकदाच सांगितलं, सलग, आवाज न चढवता.

त्यांच्या बोटीचं नाव कमलिनी. कोकणपट्टीला तेव्हा बंदरं पुष्कळ, पण धक्के नाहीत. बोट बंदरापासून लांब समुद्रातच थांबायची आणि शिटी द्यायची, एक लांब, दोन आखूड. ती ऐकली की किनाऱ्यावरून पडाव निघायचे, म्हणजे वल्ह्यांच्या मोठ्या होड्या. ते उतारू घेऊन यायचे, उतरणारे घेऊन जायचे. शिटीची दोरी सुकाण्याच्या उजव्या हाताला. अमुक एक डोंगराचं टोक आडवं आलं की दोरी ओढायची. चाचांनी हे सहा वर्षं केलं. त्यातल्या एका बंदरावर पहिला पडाव नेहमी नारायण तांडेलचा. तांडेल म्हणजे पडावाचा मुख्य. तो लाल टोपी हलवत यायचा, खालूनच ओरडायचा, "हसन, जेवलास काय रे?" आणि दोरीला बांधून भाकरी नि तळलेले बांगडे वर पाठवायचा.

एकाहत्तरची लढाई आली आणि सरकारने कमलिनी घेतली. तिला राखाडी रंग दिला, उतारूंची बाकं उपटली आणि पुढे, जिथे आंब्याच्या पेट्या नि बकऱ्या बांधायचे, तिथे तोफ बसवली. "नाव कमलिनी आणि नाकावर तोफ," चाचा म्हणाले. तोफा चालवायला आरमाराचे लोक आले. जुन्यांपैकी काहींना ठेवून घेतलं, कारण त्या किनाऱ्याचे खडक त्यांना पाठ होते. चाचांना गणवेश मिळाला. "लई ताठ चालायचो बाय तेव्हा. आईला फोटो पाठवला होता."

मग ती संध्याकाळ. किनाऱ्यालगत गस्त चालली होती, दिवे नाहीत, आवाज नाही, कुठे थांबायचं नाही असा हुकूम. थोडं धुकं होतं. डोंगराचं टोक आडवं आलं. चाचा म्हणाले, "मी ओढली नाय बाय. हाताने ओढली. एक लांब, दोन आखूड. तिसरी संपली तेव्हा मला कळलं."

किनाऱ्यावर लोकांना वाटलं, बोट पुन्हा सुरू झाली. कित्येक दिवस मुंबईला जायची वाट बंद होती. पडाव निघाले, नारायणचा सगळ्यांच्या पुढे. शिटीने आपली जागा उघड झाली म्हणून इकडे हुकूम झाला, पूर्ण वेग, बोट बाहेर काढा. वळवणारे हात चाचांचेच. तोफेची बोट उतारूंच्या बोटीसारखी हळूच वळत नाही. तिने उठवलेली लाट पडावाला आडवी लागली आणि पडाव उलटला. चाचांनी मागे वळून पाहिलं तेव्हा लाल टोपी दिसत नव्हती. दोघे वल्हेवाले पोहत किनाऱ्याला लागले. नारायण पडावाखाली सापडला. हे सगळं त्यांना महिन्याभराने एका खलाशाकडून कळलं.

"मी लगेच जाऊन साहेबाला सांगितलं होतं, शिटी मी दिली. साहेब पोरगाच होता, माझ्याएवढा. म्हणाला, पुन्हा होऊ देऊ नकोस. बस. कुणी ओरडलं नाय बाय. कुणी एक थोबाडीत पण मारली नाय. नंतर बोटीवरच्या सगळ्यांना मिळालं तसं मला पण पदक मिळालं."

यानंतर त्यांनी जे सांगितलं त्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. त्यांना माफी नको होती. नारायणच्या माणसांपैकी कुणीतरी आपल्याला तोंडावर बोलावं, तुझ्यामुळे गेला असं एकदा म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि त्यासाठी त्या बंदरावर जायची त्यांची हिंमत नव्हती. आयुष्यभर लोकांना 'पाहिलं का' विचारणारा माणूस, त्याने एक गोष्ट पाहिली होती आणि ती ज्यांना सांगायची त्यांना सांगितली नव्हती.

चाचा निवृत्त झाले. सिडकोत आमच्या घरापासून तिसऱ्या गल्लीत त्यांचं घर. बायको वारली तेव्हा आवराआवर करायला आलेल्या शेजारणीला बटणांच्या डब्यात ते पदक सापडलं आणि कॉलनीला एकदम कळलं की आपल्यात एक युद्धवीर राहतो. झालं. वर्षातून दोन दिवस चाचांचं महत्त्व वाढायला लागलं, पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी. आमच्या मित्रमंडळाचे अध्यक्ष देवरे, मूळचे सटाण्याचे, बोलायला गोड, शाल घेऊन हजर.

"चाचा, लय मोठं काम केलंय तुम्ही. स्टेजवर या, दोन शब्द बोला, पोरांना कळू द्या."

"मी सुकाणी होतो. तोफेला हात लावला नाय."

"तेच बोला ना!"

"नाय."

हेच देवरे. चाचांच्या भाच्याला शिकायला खोली हवी होती, तेव्हा यांच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या आणि यांनी "घरच्यांना चालणार नाही हो" असं सांगितलं होतं. मला तो दिवस आठवतो आणि अजून संताप येतो. त्यांना चाचा नको होते, स्टेजवर चाचा हवे होते, नमाजाच्या टोपीसकट. फोटोत ते छान दिसलं असतं. चाचांना हे कळत नव्हतं असं नाही. ते दर वर्षी नाही म्हणायचे आणि झेंडावंदनाला मागच्या रांगेत उभे राहायचे.

गेल्या दिवाळीनंतर मी आणि माझे यजमान गाडीने कोकणात निघालो होतो. मी चाचांना म्हटलं, "चला. सांगून मोकळे व्हा." मोकळे व्हा! हा शब्द मी वापरला. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस, काठी घेऊन चालणारा. ते दोन दिवस विचार करत होते आणि तिसऱ्या दिवशी पांढरा धुतलेला शर्ट घालून गाडीपाशी उभे राहिले. समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा ते झोपल्याचं नाटक करत होते.

बंदरावर आता धक्का झाला आहे. गाडीतून उतरलो आणि समोर कमान. वर ठळक अक्षरं, 'वीर नारायण तांडेल धक्का'. खाली संगमरवरी पाटी होती. तिच्यावर लिहिलं होतं की युद्धकाळात संकटात सापडलेल्या युद्धनौकेच्या हाकेला धावून जाताना नारायण तांडेल यांनी प्राणार्पण केले. चाचांनी ती पाटी वाचली. पुन्हा वाचली. मग बोट ठेवून एकेका शब्दावरून नेलं. मला वाटलं आता ते म्हणतील, चूक आहे. ते काठी टेकत पुढे चालू लागले.

नारायणची मुलगी यशोदाबाई धक्क्याजवळच राहते. बाप गेला तेव्हा सात वर्षांची, आता साठीची. नाशिकहून बाबांच्या ओळखीचा, बोटीवरचा माणूस आलाय म्हटल्यावर तिने आम्हाला ओटीवर बसवलं, सोलकढी दिली, भिंतीवर हार घातलेला फोटो दाखवला. लाल टोपी. "शाळेत दर वर्षी बाबांच्या नावाने बक्षीस देतात," ती म्हणाली. "माजो मुलगो पोलिसात लागला, तेव्हा साहेबाने विचारलान, वीर नारायणचो तू कोण?"

चाचांनी पेला खाली ठेवला आणि सांगितलं. मला सांगितलं होतं तसंच, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. शिटी, डोंगराचं टोक, लाट. शेवटी म्हणाले, "बोट संकटात नव्हती. कुणी हाक मारली नव्हती. माझी चूक झाली. तुझा बापूस माझ्यामुळे गेला."

ती उठली आणि पुढचं दार लोटून घेतलं, रस्त्यावरून कुणी ऐकू नये म्हणून. परत येऊन बसली. मी वाट पाहत होते, आता ती रडेल, आता ती बोलेल, शिव्या देईल. चाचाही वाट पाहत होते. मान खाली घालून, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते.

"ह्या तुमी आणखी कुणाला सांगितलाव?" तिने विचारलं.

"हिला. बास."

"मग आता कुणाला सांगू नका." तिचा आवाज अगदी साधा होता. "आई आमची चार घरची भांडी घासून गेली. लोक आईला सांगायचे, उतारूंच्या दोन पैशांसाठी काळोखात पडाव काढलान आणि मेला. हावरा म्हणायचे माझ्या बापाला. मग गावात कुणीतरी ही गोष्ट काढली, लढाईच्या बोटीला मदत करायला गेला म्हणून. कुणी काढली मला म्हाईत नाय. खरी नाय, ह्या आईला पण कळत होता. पण लोक मानाने बोलायला लागले." तिने पेले गोळा केले. "तुमचा मन मोकळा झाला. आता माझा काय करू? ही पाटी काढू?"

चाचांनी फोटोतल्या लाल टोपीकडे पाहिलं.

"काका, तुमी बोटीवर होतात. तुमी सांगितलाव तर कुणी खोटा म्हणणार नाय. कुणी कधी विचारलान, तर सांगा, बाबा मदतीला आले होते."

पन्नास वर्षं ज्या बोलण्याची वाट पाहिली ते बोलणं तिने केलंच नाही, उलट हे पदरात घातलं. मला तिचा राग आला नाही. माझा मलाच आला. तिथून नाशिकपर्यंत चाचा एक वाक्य बोलले, कसाऱ्याच्या घाटात. "बाय, ती बरोबर आहे." मी कशाला या भानगडीत पडले, असं मला झालं होतं.

सव्वीस जानेवारीच्या आधी देवरे नेहमीसारखे शाल घेऊन गेले आणि चाचा हो म्हणाले. देवरेंचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. मालेगावहून चाचांची मुलगी आली, तिने पदक घासून चकचकीत केलं. स्टेजवर चाचा पहिल्या खुर्चीत. शाल झाली, नारळ झाला, देवरेंनी माईक पुढे केला. मी समोरच होते.

चाचा म्हणाले, "मी आज माझं सांगणार नाय. मी नारायण तांडेलचं सांगतो." आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. आमची बोट खडकात सापडली होती. चहूकडे धुकं. आम्ही शिटी दिली. कुणी यायला तयार नव्हतं, पण नारायण आला, एकटा, पुढे होऊन. एका पोराने मध्येच विचारलं, "आजोबा, त्याने काय मदत केली?" चाचा अडले. हे यशोदाबाईने सांगितलेलं नव्हतं, पाटीवरही नव्हतं. मग ते म्हणाले, "त्याने कंदील दाखवला. उजव्या हाताला खोल पाणी आहे, म्हणून ओरडला. त्याच्यामुळे आम्ही ऐंशी जण वाचलो." कंदील कसा होता तेही सांगितलं. हिरव्या काचेचा. लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. देवरेंनी डोळे पुसले, आणि ते खरोखर पुसले, हे मी पाहिलं म्हणून लिहिते.

चाचा त्याच आठवड्यात मुलीकडे मालेगावला गेले आणि उन्हाळा लागायच्या आत तिथेच वारले. मला निरोप दुसऱ्या दिवशी मिळाला, मातीला जाता आलं नाही.

मंडळाच्या कुणीतरी त्या भाषणाचा व्हिडिओ काढला होता. तो फिरत फिरत त्या बंदरावर पोचला. यशोदाबाईचा फोन आला, शाळेत मोठ्या पडद्यावर दाखवला म्हणाली, सगळं गाव आलं होतं. कंदील हिरवा होता हे आता तिथे सगळ्यांना माहीत आहे. ती आनंदात होती. मी बरं म्हणून फोन ठेवला.

मीही तो व्हिडिओ पाहिला, एकदाच. भाषण संपतं, टाळ्या होतात, तरी चित्र काही क्षण चालू राहतं. चाचा माईकपासून हलत नाहीत. दोन पायांत अंतर ठेवून उभे आहेत आणि एरवी लोकांच्या डोक्यावरून लांब पाहणारा तो माणूस समोर बसलेल्यांचा एकेक चेहरा बघतो आहे, डावीकडून उजवीकडे, सावकाश. कुणीतरी उठून अडवेल, विचारेल म्हणून थांबलेला. मी पहिल्या रांगेत बसले आहे, आणि टाळ्या वाजवते आहे.